नऊ इंच

पारुआ खाडी, फांगारेई
रविवार, ९ फेब्रुवारी १९८६

प्रिय एव्हरिल,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे पत्र न फोडताच परत पाठवशील, अशी शंका आहे. पाठवू नकोस. सहा वर्षांत मी तुला एका ओळीचा त्रास दिलेला नाही, तेव्हा दहा मिनिटं तुझ्याकडे निघतील.

मी बरी आहे. जिना चढताना उजवा गुडघा कुरकुरतो, बाकी तक्रार नाही. उन्हाळा फार कोरडा गेला, पावसाच्या पाण्याची टाकी तळाला लागली आहे. नाताळच्या दिवशी आईच्या थडग्यावर गेले होते. तुझी फुलं माझ्याआधीच तिथे होती. मी माझी शेजारी ठेवली, तुझी हलवली नाहीत.

आता कारण. होडी पूर्ण झाली. गुरुवारी, वाइतांगीच्या राष्ट्रीय सुट्टीला, सकाळच्या भरतीवर पाण्यात उतरवली.

कुठली होडी, हे तुला विचारावं लागणार नाही. छत्तीस फूट, दोन डोलकाठ्या, आणि दोन्हींपैकी एकीलाही तारेचा आधार नाही. झाडासारख्या नुसत्या उभ्या. शिडं चिनी पद्धतीची, आडव्या पट्ट्या घातलेली, पंख्यासारखी मिटणारी. वारा वाढला की दोर सैल सोडायचा, एक घडी खाली बसते. आणखी वाढला, आणखी एक घडी. शीड कमी करायला कुणी हेलकावणाऱ्या डेकवरून पुढे जायला नको. केबिनच्या दारात उभं राहून साठीला टेकलेली बाईसुद्धा सगळं सांभाळू शकते. डेस्मंडच्या गोदीत वरच्या खोलीत बसून मी हेच काढत होते तेव्हा तू खालून चहा आणून द्यायचीस. एकदा कागदावर वाकून विचारलं होतंस, तारा नाहीत तर काठी उभी कशी राहणार? मी म्हटलं होतं, जाडीवर. बाकी काही नाही, सगळं जाडीवर. डेकपाशी नऊ इंच.

पुढचं तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण चौकशीच्या दिवशी तू काहीच ठाऊक नसल्यासारखी बसली होतीस.

तुझ्या नवऱ्याला, डेस्मंडला, नऊ इंच आवडले नाहीत. टेलिफोनच्या खांबासारखं दिसेल, गिऱ्हाईक हसेल, असं त्याचं म्हणणं. मी तीन आठवडे दक्षिण बेटावर गेले, तेवढ्यात त्याने गिऱ्हाइकाच्या त्या पहिल्या होडीची काठी रंधून साडेसात इंचांवर आणली. जाडी दीड इंचाने उतरली की ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. हे त्याला कळत नव्हतं असं मी कधीच मानणार नाही. मला कळवलं नाही. माझ्या नवऱ्याला, लिंडसेलाही सांगितलं नाही, आणि मी परतायच्या आत पहिली चाचणी उरकली, तेव्हा सुकाणूवर लिंडसेच होता. काठी डेकच्या वर हातभर मोडली आणि त्याच्यावर आली. डेस्मंड पुढच्या टोकाला उभा होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

मग मूळ कागद सापडेना. डेस्मंड चौकशीत माझ्याकडे बोट करून म्हणाला, नोलीनबाईंनी साडेसातच लिहिलं होतं, आम्ही त्यांच्या हुशारीवर विसंबलो. गोदीचे कागद फायलीला तूच लावायचीस, म्हणून तुला उभं केलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. टेबलाकडे बघून म्हणालीस, "साडेसात. मला चांगलं आठवतंय."

त्या दिवसापासून मी माझ्याच नवऱ्याला मारणारी बाई आहे. बेकरीत माझ्यासमोर बोलणं थांबतं. एकाने तर तोंडावर विचारलं, बाई, अजून आकडेमोड करता का?

म्हणून ही होडी. सहा हिवाळे लागले. डोलकाठ्या एका पाडलेल्या लोकरीच्या गोदामाच्या तुळयांमधून निघाल्या. आधी चौकोनी, मग आठ कोनी, मग सोळा, मग गोल. दोन्ही नऊ इंच, केसभरही कमी नाही. मेरेआना तौतारी आठवते ना, जाळी विणायची ती, खाडीपलीकडची? लिंडसे गेल्यावर सगळं गाव मला टाळत होतं, तेव्हा ती एक दिवस शिंपल्यांची बादली घेऊन आली आणि कुठली फळी धरू एवढंच विचारलं. ती त्रेसष्ट वर्षांची आहे आणि तिच्या जिभेला हाड नाही. होडी उतरवायला जमलेले पुरुष 'चिनी पडदा' म्हणून खिदळत होते. ती त्यांना म्हणाली, बाबांनो, तुमच्या घरचा पडदा फाटलाय, तो आधी शिवा.

होडीचं नाव मी मागच्या बाजूला हातभर उंचीच्या अक्षरांत रंगवलं आहे, मागून येणाऱ्याला लांबून वाचता यावं म्हणून. नाव आहे 'नऊ इंच'. त्यावरून काय काय विनोद झाले ते पत्रात लिहिण्यासारखे नाहीत. बरेचसे मेरेआनाचेच होते.

ईस्टरच्या शनिवारी तारंगा बेटाला वळसा घालायची क्लबची शर्यत आहे. डेस्मंड दरवर्षी असतो, यंदाही असणार. मीही नाव दिलं आहे. त्याला सांग. नाही सांगितलंस तरी चालेल, यादी क्लबच्या दारावर लागलेली आहे.

त्याने हरावं असं मला वाटत नाही, एव्ही. त्याने सबंध दिवस ते नाव वाचावं, एवढंच मला हवं आहे.

तुझी मोठी बहीण,
नोलीन


पारुआ खाडी
गुरुवार, ३ एप्रिल १९८६

प्रिय एव्हरिल,

हात कसा आहे? मेरेआनाने दवाखान्यात फोन केला होता. दोन बोटं गेली, तिसरं वाचेल असं नर्स म्हणाली. ताप नाही ना? मी आले नाही, कारण खाटेशेजारी डेस्मंड असणार, आणि आजारी माणसाच्या उशाशी आम्ही दोघांनी उभं राहणं बरं नाही.

लोक तुला काय काय सांगतील, म्हणून झालं ते मीच लिहून ठेवते.

दुपारी बारानंतर पूर्वेचा वारा वाढत गेला. बाकीच्यांनी शिडं कमी केली, मी दोन घड्या खाली घेतल्या, पेला तोंडाला लावायला लागतो तेवढ्या वेळात. डेस्मंडने काहीच कमी केलं नाही. मी त्याच्या पुढे होते आणि मागे त्याला ते नाव दिसत होतं, हे कारण असेल तर असो. काठीला धरून ठेवणाऱ्या एका तारेचा खालचा खिळा तुटला आणि सगळी काठी बाजूच्या पाण्यात गेली. दोर इंजिनाच्या पंख्यात गुंतले, म्हणजे इंजिनही गेलं. नांगर टाकला तो धरेना. मागे ब्रीम हेडचा कडा, अर्ध्या मैलावर.

रेडिओची एरियल मागच्या कठड्यावर होती म्हणून त्याचा रेडिओ शाबूत राहिला. त्याने मदत मागितली. क्लबची लाँच चाळीस मिनिटं लांब होती. जवळ मीच होते.

मी होडी वळवली. वळवल्यानंतर, आणि त्याच्याकडे जात असताना, रेडिओचं बटण दाबून बोलले, हे नीट लक्षात घे. सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "डेस्मंड, मी येते आहे. पोचेपर्यंत एक सांग. माझ्या कागदावर आकडा काय होता?"

"कसला आकडा?"

"तुला माहीत आहे."

मग त्याचा आवाज आला, एरवी गोदीत घुमणारा तो नव्हता. "नऊ. कागदावर नऊ होता. काठी मी कमी केली."

बावीस होड्यांनी ऐकलं. मी धन्यवाद म्हटलं, पोचले, दोर टाकला आणि तुम्हाला ओढून आणलं. कुणी म्हणत असेल की मी बुडत्या माणसाशी सौदा केला, तर त्याला सांग, मी एक क्षणही थांबले नव्हते. जाता जाता विचारलं. अंतर कापायला लागतो तेवढाच वेळ लागला.

तू त्या होडीवर आहेस हे मला ठाऊक नव्हतं. तू शर्यतीला कधी जात नाहीस. पुढे नांगरापाशी कुणीतरी पिवळ्या रेनकोटात दिसलं, मला वाटलं गोदीतला एखादा गडी. तुझा हात साखळीत सापडला हे फार वाईट झालं. नांगराची साखळी अशीच दगाबाज असते.

बरी हो.

नोलीन


पारुआ खाडी
रविवार, २७ एप्रिल १९८६

प्रिय एव्ही,

फेजोआची झाडं यंदा वेड्यासारखी लागली आहेत. रोज सकाळी बादलीभर फळं जमिनीवर. मुरंबा करून करून थकले, आता उरलेली तशीच कुजतात. थंडी सुरू झाली. गुडघा तसाच.

तुझं कार्ड मंगळवारी मिळालं. डाव्या हाताने लिहिलेलं, शाळेत पहिल्यांदा पेन्सिल धरलेल्या पोरासारखं अक्षर. 'नोलीन, तू आलीस. बाकी कुणी आलं नसतं.' मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि पाकिटात परत घातलं. पाच दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि हवेपाण्याचं लिहून उठते.

मागचं पत्र तुझ्याकडे असेल तर काढून शेजारी ठेव. त्यात तीन ठिकाणी मी खोटं लिहिलं आहे.

तू होडीवर आहेस हे मला माहीत होतं. पिवळा रेनकोट कुणाचाही असेल, पण बसण्याची ती तऱ्हा तुझी. एक टाच उचललेली, हनुवटी गुडघ्यावर. ओहोटीला शिंपले वेचताना तू चार वर्षांची असल्यापासून तशी बसतेस. शंभर यार्डांवरूनच मी ओळखलं.

मी थांबले नव्हते, हेही खरं नाही.

आकडा रेडिओवर आला तेव्हा मी जवळजवळ पोचलेच होते. मधे पन्नास फूट पाणी. दोराचं वेटोळं माझ्या हातात होतं, सुकाणू मेरेआनाकडे. टाकला असता तर पोचला असता. मी हात खाली घेतला आणि रेडिओ बंद केला. का बंद केला, ते मला तेव्हाही कळत होतं. मग मेरेआनाला म्हटलं, एक वळसा घे. तिला वाटलं, लाट चुकवायची असेल. तिने घेतला.

वळसा घेताना मी डेस्मंडला ओरडून विचारलं, "आणि एव्हरिल? तिला आकडा माहीत होता की नाही?"

तो तुटलेले दोर ओढत राहिला.

"म्हण, ती खोटं बोलली. एवढं म्हण, मग दोर मिळेल."

सहा वर्षं मला काय हवं होतं, ते त्या क्षणी मला कळलं. डेस्मंडचं मला नवल नव्हतं, तो तसाच माणूस. पण जिला मी कडेवर घेऊन फिरवलं तिने टेबलाकडे बघून साडेसात म्हटलं, ते मला परत हवं होतं. ते त्याच्या तोंडून, तुझ्यासमोर, तुला ऐकू जाईल असं वदवून घ्यायचं होतं. सहा हिवाळे लाकूड तासताना मी तुझ्याच तोंडाकडे बघत होते, एव्ही. त्याच्या नव्हे.

त्याने आधी तुझ्याकडे पाहिलं. तू पाठमोरी, साखळी आणखी सोडायला धडपडत होतीस, तुला वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. कडा त्याच्या पाठीशी इतका जवळ आला होता की खडकावर फुटणारं पाणी मला त्याच्या डोक्यावर दिसत होतं. तो म्हणाला, "तिला मी भरीला घातलं होतं. तिचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. टाकायचा तर टाक, नाहीतर जा इथून."

त्या माणसाबद्दल माझ्या हातून चांगलं काही लिहून होईल असं वाटलं नव्हतं. हे लिहिलं. आणखी मागू नकोस.

मेरेआना म्हणाली, "नोलीन, दोर टाक." मी म्हटलं, थांब. ती पुन्हा म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, थांब, म्हणेल तो. वळसा पूर्ण होत आला होता, तेवढ्यात तुमच्या होडीला मोठी लाट लागली, साखळी ताणली गेली आणि तू ओरडलीस. तो आवाज मला ऐकू आला. तोवर मला वाऱ्यात सगळं ऐकू येत होतं, फक्त माझ्या होडीवरची बाई काय सांगत होती तेवढं येत नव्हतं.

दोर मी टाकला नाही. हे तिसरं. मेरेआनाने सुकाणू सोडलं, मला कोपराने बाजूला सारलं, दोर माझ्या हातातून हिसकला आणि फेकला. डेस्मंडने तो धरला. मी नुसती उभी होते. मग तिने मला सुकाणूवर ढकललं आणि धर म्हणाली, तेव्हा धरलं.

मी हिशेब केला तर चार मिनिटं होतात. मेरेआना म्हणते, जास्त.

आता इकडची बातमी ऐक. क्लबचं पत्र आलं, तिघांच्या सह्या आहेत. चौकशी पुन्हा उघडणार आहेत, बावीस होड्यांनी लेखी साक्ष दिली. ऑकलंडहून दोन माणसं होडी बघायला आली, काठ्यांना हात लावून गेली, दोघांनाही माझे आराखडे हवेत. बेकरीवालीने पाव हातात देताना माझा हात दाबला. डेस्मंडच्या गोदीच्या फाटकावर कुणीतरी खडूने नऊचा आकडा काढून ठेवला, म्हणे. खोटं कशाला सांगू, हे सगळं मला गोड लागलं. आठवडाभर मी घरात एकटी हसत होते. लिंडसेच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्याने सांगितलं, ऐकलंस का, नऊ म्हणाला तो.

मग तुझं कार्ड आलं.

मेरेआना ईस्टरपासून होडीवर पाय ठेवत नाही. काल मी पलीकडे तिच्याकडे गेले. चहा दिला, जाळं विणत राहिली. मी विचारलं, किती दिवस असं? ती म्हणाली, "मला तुझ्या होडीवर भीती वाटते. होडीची नाही." मी उठले तेव्हा म्हणाली, तिला तू सांगणार आहेस की मी सांगू? तिला म्हणजे तुला. डेस्मंडने तुला काही सांगितलेलं नाही, हे तुझ्या कार्डावरून कळलंच होतं. सांगायचं तर मी काय मागत होते तेही सांगावं लागेल, आणि ते तो सांगणार नाही.

मी चौकशीच्या साहेबांना सगळं लिहून काढलं आहे. पन्नास फूट, रेडिओ बंद केला तो, वळसा, दोर कुणी टाकला ते. डेस्मंड तुझ्याबद्दल काय म्हणाला ते लिहिलेलं नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मेरेआनाने वाचून खाली सही केली. उद्या सकाळी पोस्टात टाकेन. ऑकलंडच्या माणसांना ते वाचूनही आराखडे हवे असतील तर देईन. होडीत काही खोट नाही.

आता माझ्याकडून क्षमेची दोन वाक्यं यावीत, अशी अपेक्षा असेल. लिहून पाहिली, खोडली. तुझी बोटं गेली याचं मला किती वाईट वाटतं, ते लिहिता येत नाही. सकाळी फळं उचलताना माझ्या हाताकडे बघवत नाही. पण लिंडसे गेला याचं वाईट वाटणं त्याने तसूभरही कमी झालेलं नाही. दोन्ही एकमेकांच्या शेजारी आहेत, एक दुसऱ्याला पुसत नाही. डेस्मंडला मी माफ केलेलं नाही. तुलाही केलेलं नाही. वाटलं होतं, तो आकडा ऐकला की होईल. तुझं ओरडणं ऐकलं तेव्हा वाटलं, आता तरी होईल. नाही झालं.

तूही मला माफ करू नकोस. कार्डं पाठवू नकोस. हात बरा झाला की बस पकडून इकडे ये, माझ्या समोर उभी राहा, आणि या वेळी टेबलाकडे न बघता माझ्याकडे बघून काय म्हणायचं ते म्हण. मीही म्हणेन. मेरेआनाला मधे बसायला सांगेन. मग पुढे बोलायचं की नाही, ते बघू.

अकराची बस फाटकापाशीच थांबते. मी रोज घरी असते.

तुझ्यावर अजून संतापलेली, आणि तुझी वाट बघणारी,
नोलीन